पेशा बदलता येणारे जुन्या धाटणीचे मोबाइल खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझे मोबाइल दुरुस्तीचे आणि रिचार्जचे छोटे दुकान आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले, जिनिंगमध्ये हंगामी काम करणारे लोक आणि रात्रीच्या लाइनवर ओलित करताना जागे राहावे लागणारे शेतकरी या खेळांविषयी मला प्रश्न विचारत असतात. काही जण ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा लिहिलेली नाही, तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कथेतली वळणे शक्य तितकी उघड केलेली नाहीत.

१. हा नेमका कोणत्या प्रकारचा खेळ आहे? यात गोळ्या मारायच्या असतात का?

नाही. हे भूमिकाप्रधान खेळ आहेत, ज्यांना सगळे ‘आरपीजी’ म्हणतात. तीन-चार पात्रांची एक टोळी घेऊन तुम्ही गावोगाव फिरता, लोकांशी बोलता, लढाई आली की प्रत्येकाने काय करायचे ते पाळीपाळीने ठरवता आणि लढाईतून मिळणाऱ्या अनुभवावर पात्रांची पातळी, म्हणजे लेव्हल, वाढवता. बोटाच्या चपळाईपेक्षा विचाराला येथे जास्त महत्त्व असते. प्रत्येक पात्राला एक पेशा असतो : कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जखमा भरून काढणारा जादूगार. काही खेळांत याला ‘क्लास’ म्हणतात, काहींत ‘जॉब’. या पानावर दोन्हींसाठी ‘पेशा’ हाच शब्द वापरला आहे. ही कल्पना मुळात कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ सालच्या अमेरिकी खेळातून आली. त्यात सुरुवातीला लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच पेशे होते. पुढे १९८१ साली संगणकावर आलेल्या ‘विझर्ड्री’ने खेळ चालू असताना पेशा बदलण्याची सोय दिली, पण तिची किंमत मोठी होती : पात्र पुन्हा पहिल्या पातळीवर येई आणि त्याचे वयही वाढे.

२. आजच्या काळातही चित्रे चौकटी-चौकटींची का असतात? खेळ स्वस्तात बनवला आहे का?

जुनी धाटणी ही जाणीवपूर्वक केलेली निवड आहे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या, टीव्हीला जोडून खेळायच्या फॅमिकॉम यंत्राला एका वेळी पडद्यावर ६४ हलती लहान चित्रे दाखवता येत आणि एका आडव्या रेषेत त्यांतली फक्त ८. अशा प्रत्येक चित्राला पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत. तेवढ्यात डोळे, केस आणि अंगरखा ओळखू यावा म्हणून चित्रकारांनी जी शैली घडवली, तीच आजचे खेळ जपतात. फॅमिकॉमवरचा ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ हा संपूर्ण खेळ २५६ किलोबाइटमध्ये बसवला होता. आज फोनने काढलेला एक साधा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत एक अख्खे जग उभे करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

३. मी पहिल्यांदाच खेळणार आहे. कोणता खेळ घेऊ?

माझे उत्तर ठरलेले आहे : ‘फायनल फँटसी ५’. मूळ खेळ १९९२ साली सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे फॅमिकॉमनंतरच्या यंत्रावर, आला आणि त्याची ‘पिक्सेल रीमास्टर’ नावाची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२१मध्ये अँड्रॉइड आणि आयफोनवर आली. त्यात २२ पेशे आहेत आणि ते बदलण्यासाठी कोणताही दंड नाही, त्यामुळे चुका करून शिकता येते. ‘फायनल फँटसी ३’ हा १९९० सालचा खेळ त्याचा थोरला भाऊ असून त्याचे नियम काहीसे वेगळे आहेत (प्रश्न १३ पाहा). ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ हा १९८८ सालचा खेळ फोन उभा धरून एका हाताने खेळता येतो, त्यामुळे दुसरा हात मोकळा राहतो. मात्र त्यातला पेशाबदल जपून करायचा असतो (प्रश्न १४ पाहा). १९८७ सालचा पहिला ‘फायनल फँटसी’ या पानाच्या कक्षेत येत नाही, कारण त्यात सुरुवातीला निवडलेला पेशा पुढे बदलता येत नाही. कथेत एका टप्प्यावर त्याची फक्त बढती होते.

४. आमच्या गावात नेट धड चालत नाही. खेळता येईल का?

वर सांगितलेले तिन्ही खेळ एकट्याने खेळायचे आहेत, त्यांना लढाईसाठी इंटरनेट लागत नाही. तालुक्याला आल्यावर चांगल्या रेंजमध्ये किंवा वायफायवर खेळ उतरवून घ्यावा, तेथेच तो एकदा उघडून पाहावा आणि मग गावी न्यावा. ‘गॅचा’ पद्धतीच्या खेळांना (प्रश्न १६ पाहा) मात्र सतत जोडणी लागते.

फोनमध्ये जागा नाही असे सांगत येणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओच साठलेले असतात. ते आधी काढावेत. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, चार्जिंगला लावलेल्या फोनवर खेळू नये. उन्हाळ्यात फुगलेल्या बॅटऱ्या माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात, आणि त्या फोनचे मागचे झाकण उचलले गेले आहे हे मालकाच्या लक्षातही आलेले नसते.

५. खेळ मराठीत नाही. इंग्रजी कच्चे असले तर अडेल का?

हे खेळ मराठीत नाहीत आणि हिंदीतही नाहीत. तरीही लढाईत लागणारे शब्द तीस-चाळीसच्या वर जात नाहीत : अटॅक, आयटम, डिफेन्ड, रन आणि जादूंची नावे. जादूंच्या नावांनाही शिस्त आहे. ‘फायनल फँटसी’त फायर, फायरा, फायरागा हे एकाच जादूचे चढते प्रकार आहेत; थंडर आणि ब्लिझार्ड यांचेही तसेच. गावातला माणूस काय सांगतो हे समजले नाही, तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकावा. आमच्याकडे येणारी सातवी-आठवीतली काही मुले असे शब्द वहीत उतरवून ठेवतात, आणि त्यांचे इंग्रजी वाचन माझ्या डोळ्यांदेखत सुधारले आहे.

६. पेशा बदलला की आधीचे शिकलेले सगळे वाया जाते का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याच भीतीपोटी अनेक जण पहिला निवडलेला पेशा शेवटपर्यंत धरून बसतात. ‘फायनल फँटसी ५’मध्ये काहीही वाया जात नाही. योद्ध्याच्या पेशात तुम्ही मिळवलेली प्रगती जशीच्या तशी राहते, आणि महिन्याभराने परत योद्धा झालात तर जेथे सोडले तेथूनच पुढे सुरू होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका पेशात शिकलेली एक विद्या दुसऱ्या पेशात सोबत नेता येते. पांढरी जादू शिकलेला माणूस योद्धा होऊन तलवार चालवू शकतो आणि गरज पडेल तेव्हा साथीदाराच्या जखमाही भरू शकतो.

आपल्याकडे मृगात पेरणी करणारा, पुढे डवरणीला जाणारा, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणारा आणि हिवाळ्यात जिनिंगमध्ये गाठी उचलणारा माणूस एकच असतो. काम बदलले म्हणून त्याचा पेरणीचा हात जात नाही. खेळातला हिशेब अगदी असाच आहे, असे सांगितल्यावर वयाने मोठ्या माणसांना तो लगेच समजतो. मुलांना मात्र दोनदा पेशा बदलून दाखवावा लागतो.

७. सुरुवातीला चौघांना कोणते पेशे द्यावेत?

‘फायनल फँटसी ५’मध्ये पेशे कथेतल्या स्फटिकांकडून मिळत जातात. वाऱ्याच्या स्फटिकाकडून पहिले सहा मिळतात : नाइट (योद्धा), मंक (मुठीने लढणारा), थीफ (चोर), व्हाइट मेज (जखमा भरणारा जादूगार), ब्लॅक मेज (आग-बर्फ-विजेने मारणारा जादूगार) आणि ब्लू मेज (प्रश्न ११ पाहा). एक नाइट, एक मंक, एक व्हाइट मेज आणि एक ब्लॅक मेज ही जोडणी नवख्यासाठी पुरेशी आहे. नाइट मरणाच्या दारात असलेल्या साथीदारावरचा घाव आपल्या अंगावर घेतो, तर मंक रिकाम्या हातांनी लढत असल्याने शस्त्राचा खर्च वाचवतो.

८. पात्राची लेव्हल वाढते आणि पेशाचीही वेगळी वाढते. या दोहोंत फरक काय?

लढाई जिंकल्यावर दोन वेगळे गुण मिळतात. अनुभवाचे गुण पात्राची पातळी वाढवतात, आणि ती पातळी पेशा बदलला तरी कायम राहते. ‘एबीपी’ नावाचे गुण त्या क्षणी अंगावर असलेल्या पेशाच्या खात्यात जमा होतात आणि त्यांतून त्या पेशाच्या विद्या एकेक करून मिळतात. एकाच पेशाच्या सर्व विद्या मिळाल्या की तो पेशा पूर्णपणे हाती आला असे समजावे. फ्रीलान्सर या बिनपेशाच्या अवस्थेत एबीपी जमा होत नाहीत, म्हणून सुरुवातीला तिच्यात राहू नये.

९. एका बॉसपाशी कितीतरी दिवस अडलो आहे. लेव्हल किती वाढवू?

बॉस म्हणजे वाट अडवून बसलेला मोठा शत्रू. त्याच्यासाठी लेव्हल वाढवण्याआधी पेशे बदलून पाहावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. एका जिनिंगवर रात्रपाळीला असणारे आमचे एक काका ‘फायनल फँटसी ५’मधल्या आगीवर चालणाऱ्या जहाजात, लिक्विड फ्लेम नावाच्या बॉसपाशी, आठ रात्री अडले होते. कापसाच्या गंजीजवळ खाट टाकून ते रोज दोन-दोन तास त्याच त्या बारीक शत्रूंना मारून पातळी वाढवत होते. बाजाराच्या दिवशी त्यांनी फोन माझ्या काउंटरवर ठेवला. त्यांच्या टोळीत दोन नाइट, एक मंक आणि एक व्हाइट मेज होता. एका शत्रूला चार माणसे, आणि त्यांपैकी तिघे फक्त मारणारे.

लिक्विड फ्लेम लढताना रूपे बदलतो, आग शोषून घेतो आणि बर्फाला घाबरतो. मी काकांना एका नाइटला ब्लॅक मेज करायला सांगितले आणि जवळच्याच कार्नाक गावातून ब्लिझारा ही जादू विकत घ्यायला लावली. मंकला त्यांनी समनर, म्हणजे देवतांना लढाईत बोलावणारा, केले, कारण बर्फाची देवता शिवा वॉल्सच्या किल्ल्यात त्यांना आधीच मिळालेली होती. ती कधी वापरायची हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्याच प्रयत्नात लढाई संपली. काउंटरवर उभ्या उभ्या ते काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी खिशातून बिडी काढली, ती न पेटवताच परत ठेवली आणि विचारले, ‘‘म्हणजे लेव्हल तेवढीच होती ना?’’ पातळी तेवढीच होती.

१०. पेशा आत्ताच घेतला, त्यात पातळी शून्य आहे. मग जादू कशी चालेल?

चालते, आणि काकांची लढाई त्यामुळेच जिंकता आली. ‘फायनल फँटसी ५’मध्ये जादूगाराचा पेशा अंगावर असेपर्यंत टोळीने मिळवलेल्या त्या प्रकारच्या सर्व जादू वापरता येतात, मग त्या पेशात एबीपी शून्य असले तरी चालते. एबीपी मिळवावे लागतात ते तीच जादू दुसऱ्या पेशात सोबत नेण्यासाठी. शिवाय एकदा विकत घेतलेली जादू साऱ्या टोळीची असते, चौघांसाठी चार वेळा पैसे मोजावे लागत नाहीत. ‘फायनल फँटसी ३’मध्ये मात्र प्रत्येकासाठी ती वेगळी विकत घ्यावी लागते.

११. ब्लू मेजच्या जादू दुकानात मिळत नाहीत. त्या कोठून आणायच्या?

त्या शत्रूकडून शिकायच्या असतात. जी जादू शिकायची ती शत्रूने ब्लू मेजवर टाकली पाहिजे आणि ती लढाई तुम्ही जिंकली पाहिजे. ब्लू मेजची ‘लर्निंग’ ही विद्या दुसऱ्या पेशाला लावली तरी तो पेशाही शिकू शकतो. यातल्या काही जादू अंकगणितावर चालतात : ‘लेव्हल ५ डेथ’ ही जादू ज्या शत्रूची पातळी पाचाच्या पटीत आहे त्यालाच मारते. हा माझा सर्वांत आवडता पेशा आहे, कारण मार खाण्यातूनही येथे काहीतरी हाती लागते.

१२. फ्रीलान्सर कोणत्या कामाचा? त्याला तर काहीच येत नाही.

सुरुवातीला तो खरोखरच दुबळा असतो, शेवटी मात्र तोच सर्वांत बलवान होतो. फ्रीलान्सर कोणतेही शस्त्र आणि चिलखत वापरू शकतो, त्याला दोन विद्या लावता येतात, आणि पूर्ण हाती आलेल्या पेशांचे अंगभूत गुण त्याच्यात आपोआप उतरतात : मंकची ताकद, थीफची चपळाई. निन्जाची दोन्ही हातांत शस्त्र धरण्याची विद्या पूर्णपणे शिकून झाल्यावर फ्रीलान्सरला ती फुकट मिळते. शेवटच्या टप्प्यासाठी त्याची तयारी आधीपासून करावी. नक्कल करणारा माइम हा पेशा त्याच्याच जवळचा असून त्याला तीन विद्या लावता येतात.

१३. ‘फायनल फँटसी ३’मध्ये पेशा बदलल्यावर पात्र दुबळे झाले. असे का?

तुमच्याकडे बहुधा त्रिमितीय आवृत्ती आहे. फोनवर हा खेळ दोन रूपांत आलेला आहे : २००६ साली निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेली आणि नंतर मोबाइलवर उतरवलेली त्रिमितीय आवृत्ती, आणि २०२१ सालची पिक्सेल रीमास्टर. त्रिमितीय आवृत्तीत पेशा बदलल्यानंतर काही लढायांपर्यंत पात्राचे गुण घटलेले राहतात, म्हणून बॉसच्या दारात उभे राहून पेशा बदलू नये. बाहेर चार-सहा साध्या लढाया करून मग आत जावे. मूळ फॅमिकॉम आवृत्तीत तर पेशा बदलण्यासाठी लढाईतून मिळवलेले वेगळे गुण खर्च करावे लागत. याशिवाय त्रिमितीय आणि मूळ फॅमिकॉम या दोन्ही आवृत्त्यांत पातळी वाढताना अंगावर कोणता पेशा आहे यावर जीवनशक्ती किती वाढणार हे ठरते, म्हणून पातळी वाढण्याच्या बेतात असताना अंगाने दणकट पेशा असणे फायद्याचे असते.

या खेळात काही ठिकाणे अशी आहेत की तेथे पेशा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘मिनी’ जादूने टोळी बोटाएवढी होऊन ज्या वाटेने जाते तेथे तलवारीचा घाव जवळजवळ लागतच नाही, म्हणून चौघांनाही जादूगार करावे लागते. सारोनियातल्या गरुडाशी लढताना उंच उडी मारणारे ड्रॅगून लागतात, आणि त्यांची सामग्री त्याच नगरात ठेवलेली असते. नगरात अशी सामग्री दिसली की पुढे काय येणार आहे हे ओळखावे.

१४. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये पेशा कधी बदलावा?

यात विसाव्या पातळीआधी पेशा बदलता येत नाही. बदलला की पात्र पहिल्या पातळीवर येते आणि त्याचे गुण निम्मे होतात, पण शिकलेल्या जादू राहतात. नायकाचा पेशा बदलत नाही. चौघांचा बदल एकदम करू नये. एकाचा करावा, त्याला बाकीच्यांच्या आडोशाला ठेवून वर आणावे, मग दुसऱ्याचा विचार करावा. सेज या श्रेष्ठ जादूगाराच्या पेशासाठी एक दुर्मिळ ग्रंथ लागतो. त्याला एकच अपवाद आहे : लढाईत निम्मा वेळ थट्टामस्करी करणारा विदूषक विसाव्या पातळीला पोचला की ग्रंथाशिवाय सेज होतो. त्याला तेथपर्यंत सांभाळून नेणे कष्टाचे आहे, पण ते करून पाहण्यासारखे आहे.

१५. फोन बदलला किंवा रीसेट केला तर सेव्ह राहील का?

ते गृहीत धरू नये. सेव्ह म्हणजे आतापर्यंत खेळलेल्या डावाची नोंद. खेळाच्या सेटिंगमध्ये क्लाउड सेव्हची, म्हणजे ती नोंद इंटरनेटवर ठेवण्याची, सोय दिसते का ते आधी पाहावे, असेल तर रेंजमध्ये आल्यावर ती वापरावी, आणि नसेल तर सेव्ह फक्त त्या फोनमध्ये आहे असे समजून वागावे. खेळ काढून टाकला किंवा फोन रीसेट केला की तो सेव्ह जातो. काही वर्षांपूर्वी मी स्वतःचा फोन एका सेवा केंद्रात पडदा बदलण्यासाठी दिला होता. तेथे मला न विचारता तो रीसेट करण्यात आला आणि चाळीस तासांहून अधिक खेळलेला डाव पुसला गेला. त्या दिवसापासून माझ्या दुकानात रीसेट करण्याआधी ग्राहकाला खेळांविषयी वेगळे विचारले जाते आणि त्याचे उत्तर पावतीवर लिहिले जाते.

१६. हा खेळ विकत का घ्यायचा? फुकटचे आरपीजी आहेतच की.

फुकट मिळणाऱ्या अनेक आरपीजींमध्ये पात्रे ‘गॅचा’तून, म्हणजे सोडतीसारख्या पद्धतीने, मिळतात. पैसे भरून सोडत काढायची आणि हवे ते पात्र निघेल अशी आशा करायची. जपानमध्ये २०१२ साली या पद्धतीचा ‘कॉम्प गॅचा’ हा प्रकार, ज्यात ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच सोडतीतून जमवावा लागे, बेकायदेशीर ठरवला गेला. एकदाच पैसे भरून घेतलेल्या खेळात सर्व पेशे त्याच पैशांत येतात. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात खर्चाची रक्कम आधी माहीत असणे मला फार मोलाचे वाटते.

मुलाने चुकून खरेदी केली असेल, तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करावी, आणि पुढच्या वेळेसाठी प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सेटिंग करून ठेवावी.

१७. ऑनलाइन गेमवर बंदी आली असे ऐकले. हा खेळ बेकायदेशीर आहे का?

नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याची बंदी पैशाच्या ऑनलाइन खेळांवर, म्हणजे पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. येथे चर्चेत असलेले खेळ विकत घेऊन एकट्याने खेळायचे आहेत. त्यांत पैसे लावले जात नाहीत आणि जिंकलेही जात नाहीत.

१८. मित्राने एपीके फाइल दिली आहे. टाकू का?

टाकू नका. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप बसवणारी फाइल. ज्या फोनवर पीककर्जाचे संदेश, आधारचे ओटीपी आणि यूपीआय आहे त्या फोनवर अनोळखी एपीके कधीही टाकू नये.

१९. सगळा खेळ संपत आला, पण एका पेटीतून निघालेला ड्रॅगन पहिल्याच फटक्यात सर्वांना मारतो. हरवता येतो का?

येतो. हा ‘फायनल फँटसी ५’च्या अखेरच्या भागातला शिनर्यू आहे आणि पातळी वाढवून तो सहसा आटोपत नाही. त्याचा पहिला वार ‘टायडल वेव्ह’, म्हणजे पाण्याची लाट, हा असतो. कोरल रिंग नावाची अंगठी पाण्याचा वार शोषून घेते, म्हणून पेटी उघडण्याआधी चौघांच्याही बोटात ती असावी. तिघांना देऊन चालणार नाही. त्याच भागात फिरणारा ओमेगा हा यांत्रिक शत्रू विजेला दुबळा आहे. मिस्टिक नाइटची शस्त्रावर वीज चढवण्याची विद्या, रेंजरची चार वार करणारी ‘रॅपिड फायर’ आणि निन्जाची दोन शस्त्रे एकाच पात्रात आणली की त्याचाही निकाल लागतो. तीन पेशांतल्या या तीन विद्या एकत्र बसतात त्या फ्रीलान्सरमध्ये (प्रश्न १२ पाहा). दोघांपैकी कोणाच्याही जवळ जाण्याआधी सेव्ह करून घ्यावे.